वहिनींचं घोसाळं, माझा गुलाब

"काकी, आई गेली."

मंजूचा फोन आला तेव्हा मी कळंबोलीच्या घरात कणीक मळत होते. फोन खांद्यानं कानाशी दाबून धरलेला, हात परातीत. कधी, कशी, जवळ कोण होतं... काहीच विचारलं नाही मी. "येते," एवढंच म्हटलं आणि ओट्याला टेकून उभी राहिले. अशा वेळी डोक्यात पहिला विचार काय यावा? तर, आज वेलाला पाणी कुणी घातलं असेल? माझी मलाच लाज वाटली. पण हा विचार इंदुवहिनींना कळला असता, तर त्यांना बरंच वाटलं असतं, हेही मला ठाऊक होतं.

इंदुवहिनी म्हणजे माझी मोठी जाऊ. आमचे हे त्यांना वहिनी म्हणायचे, म्हणून लग्न होऊन आल्यापासून मीही वहिनीच म्हणत आले. मंजू ही त्यांची एकुलती एक मुलगी, आता पुण्याला असते. आईच्या आजारपणात सुट्टी घेऊन जुईनगरला येऊन राहिली होती. मी कळंबोलीहून बसनं जमेल तशी जाऊन यायचे. शेवटची भेट झाली ती त्याच आठवड्यात. वहिनींची खाट दादांनी खिडकीपाशी ओढून घेतली होती. दादा म्हणजे त्यांचे यजमान, माझे मोठे दीर. बेलापूरच्या सरकारी कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालेला, फारसं न बोलणारा माणूस. खिडकीला बाहेर काढलेलं लोखंडी ग्रिल, त्यात एका बाजूला वहिनींच्या घोसाळ्याचा वेल आणि दुसऱ्या बाजूला माझ्या गुलाबाची कुंडी. तीस वर्षं त्या ग्रिलमध्ये हे दोघं शेजारी राहत आले, पण वेलाला कधी गुलाबाच्या बाजूला येऊ दिलं नव्हतं. रोज सकाळी वहिनी त्याचे पुढे आलेले तणावे हलक्या हातानं सोडवायच्या आणि उलट फिरवून आपल्या बाजूच्या गजांना लावून द्यायच्या. त्या अंथरुणाला खिळल्यावर हे काम राहून गेलं आणि वेल खुशाल पलीकडे गेला. मी गेले त्या दिवशी पाहते, तर गुलाबाच्या फांद्यांना त्यानं चांगले वेढे घातले होते. मी ते वहिनींच्या पद्धतीनं सोडवायला लागले.

"असू दे आता," वहिनी म्हणाल्या. आवाज अगदी बारीक झाला होता. "धरलंनी, तर धरू दे."

मग थोड्या वेळानं, डोळे मिटूनच, "वऱ्हाड आलंय नुसतं. नवरी यायची हाय अजून. आली की तू लाव हां..."

बाहेरच्या कुणी ऐकलं असतं तर वाटलं असतं, म्हातारी बरळतेय. पण हे आमच्या घरातले शब्द. घोसाळ्याला नर फुलं येतात झुपक्यानं, ढिगानं; मादी फूल येतं एखादंच, मागे बोटभर हिरवं फळ घेऊन. नर फुलं म्हणजे वऱ्हाड, मादी फूल म्हणजे नवरी. हे शब्द कुठून आले ते सांगण्यासाठीच खरं तर मी लिहायला बसले आहे.

जुईनगरचं ते घर दोन खोल्यांचं. स्टेशन जवळ आणि नवीन वस्ती, म्हणून दोघा भावांनी मिळून घेतलेलं. त्यात आम्ही दोघी जावा, दोघे भाऊ आणि मंजू. ऊन येणारी खिडकी एकच. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी गेले तेव्हा मी साताऱ्याहून गुलाबाचं कलम आणलं होतं, गुलाबी, गावठी, घमघमाट असलेलं. ओल्या फडक्यात गुंडाळून, एस.टी.त मांडीवर धरून. वहिनी कोकणातल्या, त्यांच्या माहेरच्या परसातलं घोसाळ्याचं बी त्यांनी कागदाच्या पुडीत आणलेलं. म्हणजे एका खिडकीवर हक्क सांगणाऱ्या दोन सासुरवाशिणी. सुरुवातीला मला वाटलं, आता ह्यावरून आमची जुंपणार. वहिनींनी ग्रिलच्या मधोमध एक चिंधी बांधली आणि म्हणाल्या, "ही बाजू माझी, ती तुझी. माझा वेल तुझ्या बाजूला आला तर मी सोडवीन. तुझे काटे माझ्या बाजूला आले तर तू कापायचेस." झाला करारनामा! तो त्यांनी अंथरुणाला खिळेपर्यंत पाळला, मी अधूनमधून मोडला.

भांडलो नाही, पण वाद मात्र रोज घालायचो. तोही मोठ्या चवीनं. वहिनी म्हणायच्या, "तुझा गुलाब म्हंजे मेला जावईबापू. माती अशी हवी, पाणी तसं हवं, कीड लागली की तोंड फिरवून बसणार. एवढं करून देतो काय, तर एक फूल. नि काटे फुकट." मी म्हणायचे, "आणि तुमचं घोसाळं? दिसेल त्याच्या गळ्यात पडतं. टोपभर चिरून घातलं की शिजून वाटीभर होतं." "वाटीभर का होईना, पोटात जातं." "फूल नाकात जातं, वहिनी." यावर दादा वर्तमानपत्रामागून म्हणायचे, "चहा मिळेल काय? पोटात, नाकात, कुठंही चालेल."

मला मनातून घोसाळ्याचं फूल आवडायचं, हे मी वहिनींना कधी कबूल केलं नाही. सकाळी उमलतं ते हळदीसारखं पिवळं, तळहाताएवढं, कागदासारखं पातळ. दुपारपर्यंत मान टाकतं. आणि वहिनींना माझा गुलाब आवडायचा, हे त्या कबूल करायच्या नाहीत, पण मी घरात नसले की त्या फुलाला नाक लावतात, हे मंजूनं मला लहानपणीच फोडून सांगितलं होतं. पुढे मला असंही वाटायचं की आमची झाडं चुकून बदलली आहेत. वहिनी गुलाबासारख्या. ताठ, कुणाच्या आधाराला न जाणाऱ्या, बोलणं काट्यासारखं. वेल तर मी होते. जो जवळ दिसेल त्याला धरून राहणारी. त्या घरात पहिली काही वर्षं मी वहिनींनाच धरून होते.

वहिनींचा सकाळचा एक रिवाज होता. अंघोळ झाली की, केसांना पंचा गुंडाळलेला असतानाच, चहाच्याही आधी त्या खिडकीशी जायच्या. भुंगे यायचे आमच्याकडे, पण वहिनींचा भुंग्यांवर काडीचा विश्वास नव्हता. एक नर फूल तोडायचं, त्याच्या पाकळ्या खुडायच्या आणि मधला भाग मादी फुलाला हलकेच लावायचा. लावताना म्हणायच्या, "घे गो बाय, सांभाळ." पोरीची पाठवणी करतात तसा आवाज काढून. मोसमातलं पहिलं जे घोसाळं धरेल त्याला लाल दोरा बांधायच्या. ते बियाचं. ते कुणी तोडायचं नाही. ते वेलावरच मोठं व्हायचं, पिवळं पडायचं, सुकायचं, आणि हलवलं की आत बी खुळखुळ वाजायला लागलं, की मग उतरवायचं. बी वर्तमानपत्रावर झाडून घ्यायचं आणि उरलेल्या जाळीचे तुकडे करून अंघोळीला. बाजारची घासणी आमच्या न्हाणीत कधी आली नाही. चार बिया स्वतःला ठेवून बाकीच्या त्या साऱ्या सोसायटीला वाटून टाकायच्या. जुनं बी उगवत नाही, असा त्यांचा ठाम समज होता, त्यामुळे साठवण वगैरे काही नाही. दरवर्षी नवं.

आणि वऱ्हाड? सुरुवातीला तो शब्द नव्हता. सुरुवातीला वहिनी त्या नर फुलांना वांझ फुलं म्हणायच्या. त्यांच्या गावात सगळेच म्हणतात, त्यात वावगं काही नाही. मलाही पहिली दोन-तीन वर्षं त्याचं काही वाटलं नाही. मग आमच्या दवाखान्यांच्या फेऱ्या सुरू झाल्या. पनवेल झालं, दादर झालं, कुणी सांगितलेले उपास झाले. महिन्याच्या महिन्याला वाट पाहणं आणि मग गप्प होणं... आम्हांला मूल झालं नाही, एवढंच लिहिते, त्यापलीकडे लिहिण्यासारखं त्यात काही नाही. पण त्या काळात खिडकीतून आवाज आला, "आज नुसती वांझ फुलं आलीत गो," की मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून उभी राहायचे. वहिनींच्या ते ध्यानातही येत नव्हतं आणि मी बोलणाऱ्यांतली नव्हते.

एका भाद्रपदात आत्याबाई आल्या. आमच्या सासऱ्यांची बहीण, गुडघे दाखवायला गावाहून आलेल्या. बाई वाईट नव्हत्या, जुन्या होत्या, आणि हाताला स्वस्थता नव्हती. एका दुपारी वहिनी मंजूला शाळेतून आणायला आणि मी बाजारात गेले होते. परतलो तर घरभर तळणाचा वास. आत्याबाईंनी भजी केली होती. घोसाळ्याची. वेलावर त्या वेळी घोसाळं एकच होतं. ताटाशेजारी लाल दोरा व्यवस्थित गुंडाळून ठेवलेला. "दृष्ट लागू नये म्हणून बांधला होतास ना गो?" आत्याबाई म्हणाल्या. "आता काय लागायची नाय. खा गरम गरम." वहिनी दाराशीच थांबल्या. मग चपला काढल्या, हात धुतले आणि एक भजं उचललं. "छान झालीत," म्हणाल्या. खोटं कशाला बोलू, खरंच छान झाली होती. पण बियाचं घोसाळं गेलं ते गेलं आणि मोसमही उतरणीला लागला होता.

त्यानंतर वेल रोज फुलायचा, पण सगळी नर फुलं. दोन-चार दिवस आत्याबाईंनी ते पाहिलं आणि एका संध्याकाळी म्हणाल्या, "ही वांझ फुलं कशाला ठेवलीस गो इंदू? तोडून टाक. वेलाचा जोर खातात नि नुसती जागा अडवतात."

मी तिथंच जमिनीवर बसून कोथिंबीर निवडत होते. आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. खरंच नाही पाहिलं, त्यांच्यावर आळ घेणार नाही मी. पण वहिनींनी पाहिलं. माझी मान खाली होती, तरी त्यांची नजर मला कळली. त्या क्षणी, मला वाटतं, स्वतःचं इतक्या वर्षांचं बोलणंही त्यांना पहिल्यांदा ऐकू आलं असावं. मग वहिनी अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "ती तोडली तर ह्या वेलावर एक घोसाळं धरायचं नाय, आत्याबाई. वऱ्हाड हाय ते. वऱ्हाडाशिवाय लगीन लागतं काय?"

आत्याबाई हसल्या. "वऱ्हाड म्हणे," म्हणाल्या आणि गुडघे चोळत बसल्या. बस, एवढंच घडलं. वहिनी माझ्याजवळ आल्या नाहीत, मला समजावलं नाही, पाठीवरून हात फिरवला नाही. पण तो जुना शब्द त्यांच्या तोंडून पुन्हा कधी ऐकला नाही मी. कधीच नाही. मंजूही वऱ्हाड म्हणत मोठी झाली. शाळेत निबंधात तसं लिहून आली आणि बाईंनी लाल शाईनं प्रश्नचिन्ह काढलं. माझ्या गुलाबाची टिंगल मात्र त्यांनी दुसऱ्या दिवसापासून पुन्हा सुरू केली. ती थांबवली असती तर मला ते जास्त लागलं असतं. कीव करताहेत असं वाटलं असतं. हे त्यांना कसं कळलं असेल, याचं मला अजून नवल वाटतं.

त्या संध्याकाळनंतर दुसऱ्या की तिसऱ्या सकाळी खिडकीतून हाक आली. "शुभा, ये गो इकडे. नवरी आलीय. माझे हात कणकेचे हायत, तू लाव." मी गेले. त्यांचे हात स्वच्छ, कोरडे होते. कणीक अजून मळायचीच होती, परात तर फळीवर होती. मी त्यांच्या हातांकडे पाहिलं, त्यांनी ते पदराआड घेतले. आत्याबाई आत पोथी वाचत होत्या. मला कुणाच्याही बारशाला पाळण्यापाशी उभं राहायला नको वाटायचं तेव्हा, आणि वहिनी मला हे सांगत होत्या. फूल कसं धरायचं, पाकळ्या कशा खुडायच्या, सगळं त्यांनी तोंडानं सांगितलं, हात लावला नाही. "आता म्हण." मी पुटपुटले. "मोठ्यानं म्हण गो, तिला ऐकू जायला नको?" मग मी मोठ्यानं म्हटलं, "घे गं बाय, सांभाळ."

त्या फुलाचं पुढे काय झालं ते मला कळलं नाही. त्याच दिवशी साताऱ्याहून निरोप आला, आईचं ऑपरेशन ठरलं होतं. मी गेले ती दिवाळी उलटल्यावर परतले. तोवर वेल सुकून, उतरवून झाला होता. मी विचारलं नाही. धरलं नाही, असं उत्तर आलं असतं तर ते ऐकायची माझी तयारी नव्हती. वहिनींनीही विषय काढला नाही, त्यावरून मी काय ते समजले. माझ्या हातून कुठलं धरायला, असं मनाशी म्हणून टाकलं आणि पुढे कधी त्या वेलाच्या फुलाला हात लावला नाही. त्या बोलवायच्या, मी काहीतरी निमित्त काढायचे.

मंजू कॉलेजात गेली तशी जागा पुरेना. ह्यांची नोकरी कळंबोलीच्या लोखंड बाजारात, एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे, म्हणून आम्ही तिथं घर केलं. तोवर त्या कलमाच्या दोन कुंड्या झाल्या होत्या; सामान हललं त्या दिवशी मी दोन्ही दारात आणून ठेवल्या. वहिनींनी त्यातली एक उचलली आणि परत ग्रिलमध्ये नेऊन ठेवली. "ही राहू दे. बाजू रिकामी दिसते." दुसरी माझ्याबरोबर आली. कळंबोलीत दिवसरात्र ट्रकांची धूळ; गुलाबाची पानं चार दिवसांत राखाडी व्हायची. वहिनी आल्या की आधी ओलं फडकं मागायच्या आणि एकेक पान पुसत त्याला शिव्या द्यायच्या. "नटव्या, जरा धूळ काय बसली तर तोंड पाडून बसलास." जुईनगरच्या खिडकीला त्या कायम 'शुभाची बाजू' म्हणायच्या. कुणी त्या बाजूला ओला टॉवेल वाळत घातला तरी खपायचं नाही. मी तिथं राहत नव्हते, पण माझी जागा तिथं होती. हे केवढं मोठं असतं ते मला तेव्हा कळत नव्हतं, आता कळतंय.

श्रावण सरता सरता वहिनी गेल्या. यंदा त्या घरात गणपती बसला नाही. सुतकाचे दिवस मी तिथंच राहिले. त्यातल्याच एका सकाळी केसांना पंचा गुंडाळून बाहेर आले आणि पाय आपोआप खिडकीकडे वळले. गुलाबाच्या फांदीवर चढलेल्या त्या वेलाच्या शेंड्याला, अगदी माझ्या बाजूला, नवरी आली होती. पिवळी, टवटवीत, मागे बोटभर हिरवं. आजारपणात कुणी लक्ष दिलं नव्हतं. त्या मोसमात वेलावर एकही घोसाळं धरलं नव्हतं. जुनं बी तर घरात नसायचंच. मी उभीच राहिले. सुतकात हे चालतं का, असं जिला विचारलं असतं तीच नव्हती. "नवरी आली की तू लाव हां..." मी एक फूल तोडलं. पाकळ्या खुडून मधला भाग तिला हलकेच लावला. मी जन्माची देशावरची बाई, पण तोंडातून शब्द आले ते अगदी त्यांच्या हेलात. "घे गो बाय, सांभाळ." आणि मग मला रडू फुटलं. तोवर मी रडले नव्हते.

ते धरलं. आठवड्यात करंगळीचं वीतभर झालं. मी त्याला देव्हाऱ्यातला लाल दोरा बांधला.

दिवसकार्य झाल्यावर मंजू आवराआवरीला लागली. दादांना एकटं ठेवायचं नाही, पुण्याला न्यायचं, जागा भाड्यानं द्यायची असं ठरलं होतं. तिनं मला विचारलं, "काकी, आईचं तुला काय हवं? साडी, भांडी, काहीही सांग." मी म्हटलं, ते घोसाळं सुकेपर्यंत वेल कापू नकोस, एवढंच हवं. कोवळं तोडलं तर बी रुजणार नाही, आणि मग संपलं. त्याआधी आम्ही दोघींनी साऱ्या सोसायटीत विचारून पाहिलं होतं, कुणाकडे वहिनींनी दिलेलं बी आहे का. सगळ्यांनी वेल लावले होते, सगळ्यांनी भजी खाल्ली होती, बियाला मात्र एकानंही ठेवलं नव्हतं. दरवर्षी द्यायला वहिनी होत्याच की! पहिल्या मजल्यावरची बाई तर पदराला डोळे पुसत म्हणाली, "मी आता यंदा ठेवणारच होते हो..."

मंजूला ते पटलं. "बरोबर आहे. आजोळचं बी आहे ते, आईच्या माहेरचं. ते तरी राहायला हवं."

दादा खाटेवर वर्तमानपत्र घेऊन बसले होते. ते खाली न करताच म्हणाले, "माहेरचं कुठलं? माहेरचं आत्यानं तळून खाल्लं."

आम्ही दोघी त्यांच्याकडे वळलो. दादांनी पेपर खाली केला, चष्मा काढला. "त्या वर्षी बियाचं घोसाळं आत्यानं भज्यात घातलं नाय काय? जुनं बी नव्हतं. हिच्या माहेरी आई गेल्यावर परसात कोणी काय लावलंच नाय, तिथनंही आणायची सोय नव्हती. मग शेवटाला वेलावर एकच धरलं. शुभानं लावलेलं. तेच ठेवलंनी बियाला. तेव्हापासनं सगळं त्याचंच."

"ते... धरलं होतं?" मी विचारलं.

"धरलं म्हंजे? हातभर झालं. तुला बोलली नाय ती?" दादांना खरंच आश्चर्य वाटलेलं दिसलं. "मला तर दरवर्षी ऐकवायची. बी टोचताना म्हणायची, शुभाचं रुजवतेय. नि दोन पानं वर आली की मला उठवायची. अहो, बघा, शुभाचं आलं वर."

मी तिथंच, खिडकीखाली, जमिनीवर बसले. इतकी वर्षं मी त्या वेलाची भजी खाल्ली, त्याच्या जाळीनं अंग घासलं, त्याच्या बियांच्या पुड्या मी स्वतः बांधून शेजाऱ्यांना दिल्या. जुईनगरच्या कितीतरी खिडक्यांवर तो चढला असेल. मी विचारलं नाही म्हणून त्यांनी सांगितलं नाही असं नसणार. त्यांना वाटलं असणार, हिला ठाऊकच आहे. ज्या गोष्टीसाठी मी आयुष्यभर मान खाली घातली, ती गोष्ट माझ्या मोठ्या जावेनं दरवर्षी माझ्या नावानं मातीत पेरली, आणि ती उगवल्याचं कौतुक नवऱ्याला झोपेतून उठवून सांगितलं. मला फार रडू आलं, पण ते सुतकातल्या सकाळचं नव्हतं. मंजू माझ्याजवळ येऊन बसली, लहानपणी वेणी घालून घ्यायला बसायची तशी, माझ्याकडे पाठ करून. मी तिचे केस सोडले आणि उगीचच पुन्हा बांधले.

पुण्याला जाणं पुढे ढकललं गेलं. मंजूनं दादांना किती समजावलं, काकी बघेल वेलाकडे, तुम्ही चला. दादा म्हणाले, "ते वाजल्याशिवाय मी हलत नाय." आयुष्यात ह्या माणसानं कशाला हट्ट केलेला मला आठवत नाही. मंजू शेवटी एकटीच परत गेली, आणि मी रोज सकाळी कळंबोलीहून जुईनगरला जाते. आमचे हे म्हणतात, तू नोकरीला असतीस तर एवढी वेळेवर गेली नसतीस. माझ्याकडे किल्ली आहे. दादा जागे असतात, पण दार उघडायला उठत नाहीत, मी उघडायची वाट पाहतात.

घोसाळं आता पिवळं पडून तपकिरी व्हायला लागलंय. वजनानं गुलाबाची फांदी वाकली होती, म्हणून तिला काठीचा टेकू दिलाय. वेल खालून सुकत चाललाय, पण गुलाबाला घातलेले वेढे तसेच घट्ट आहेत, आणि त्या वेढ्यांमधूनच परवा एक कळी वर आली. मी दोन्हींना पाणी घालते, गुलाबाची सुकली पानं खुडते, त्याला वहिनींच्या वतीनं एक शिवी देते. मग दोऱ्यापाशी घोसाळं धरून कानाजवळ आणते आणि हलकेच हलवते.

"वाजलं काय गो?" दादा खाटेवरून विचारतात.

"नाही, दादा. अजून ओलं आहे."

"बरं," ते म्हणतात. "मग उद्या ये."